मिनरल इंजिन ऑईलमधले अ‍ॅडिटिव्ह: दोन डब्यांची तुलना घरच्या घरी कशी करायची

शेजारच्या काकांकडे १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. दर वर्षी गणपतीच्या आधी ते तिचं ऑईल बदलतात आणि दर वर्षी नवा डबा माझ्यापुढे ठेवून एकच प्रश्न विचारतात, "यात झिंक किती आहे रे?" हल्लीच्या ऑईलमधलं झिंक कमी केलंय आणि त्यापायी जुन्या गाड्यांचे कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) झिजतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. गोष्ट अर्धी खरी आहे. पंचाईत अशी की झिंकचा आकडा डब्यावर कुठेच छापलेला नसतो. तिथे असतात रेसिंग कारची चित्रं आणि 'अधिक सुरक्षा, अधिक मायलेज' असली आश्वासनं.

तरी हा आकडा बराचसा काढता येतो. कंपनीचा फुकट मिळणारा एक कागद, एक वही आणि आठवीतलं गणित एवढं पुरतं. काकांसाठी मी हे दोनदा केलं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी डब्यात काय असतं ते

कन्व्हेन्शनल म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट मिनरल ऑईल म्हणतात ते. त्यात साधारण ७५ ते ९० टक्के बेस ऑईल असतं आणि उरलेलं सगळं अ‍ॅडिटिव्ह. बेस ऑईल रिफायनरीत कच्च्या तेलापासून काढतात. मुंबईत माहुलला ते बनतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, बेस ऑईलचे पाच गट पाडलेत. मिनरल ऑईलसाठी त्यातले पहिले दोन महत्त्वाचे. गट १ मध्ये गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त असतं किंवा संपृक्त रेणू ९० टक्क्यांपेक्षा कमी असतात. गट २ जास्त स्वच्छ केलेला, म्हणून उष्णतेत सावकाश बिघडतो.

अ‍ॅडिटिव्ह मात्र ऑईल कंपन्या बहुधा स्वतः बनवत नाहीत. लुब्रिझोल, इन्फिनियम, आफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट या चार कंपन्यांचा या धंद्यात जगभर दबदबा आहे. त्या तयार पॅकेज विकतात, ऑईल कंपनी ते आपल्या बेस ऑईलमध्ये मिसळते. लुब्रिझोलचा एक कारखाना तर नवी मुंबईत तुर्भ्याला आहे. त्यामुळे लाल डबा चांगला की हिरवा, यावर गॅरेजमध्ये तासभर वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की दोन्ही डब्यांतलं पॅकेज एकाच कारखान्यातून आलेलं असू शकतं.

पॅकेजमधली मंडळी थोडक्यात अशी. डिटर्जंट म्हणजे कॅल्शियमचे किंवा मॅग्नेशियमचे क्षार. त्यांच्या पोटात चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म कण असतात. इंधन जळताना तयार होणारं आम्ल ते मारतात आणि पिस्टनच्या खाचा साफ ठेवतात. डिस्पर्संटमध्ये धातू नसतो. काजळी आणि गाळ कुठे चिकटू न देता तेलातच तरंगत ठेवणं हे त्याचं काम. (ऑईल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असं मानणारे मेकॅनिक अजून भेटतात. ते काळं पडतंय म्हणजे डिस्पर्संट काम करतोय.) झेडडीडीपी हे झिंक, फॉस्फरस आणि गंधकाचं संयुग झीज थांबवतं. काकांचं झिंक ते हेच. शिवाय ऑक्सिडेशन रोखणारी द्रव्यं, फेस मारणारं सिलिकॉन, थंडीत मेण गोठू न देणारं द्रव्य, आणि तापल्यावर ऑईल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेलं पॉलिमर.

पायरी १: गाडीचं मॅन्युअल

तुलना करायची ती दोन योग्य ऑईलची. म्हणून आधी मॅन्युअलमधून दोन गोष्टी वहीत उतरवा: ग्रेड, म्हणजे ऑईलचा जाडपणा, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०, आणि दर्जा, उदाहरणार्थ एपीआय एसएल किंवा सीआय-४. पेट्रोलसाठी एस, डिझेलसाठी सी. पेट्रोलची मालिका अशी: एसएल २००१, एसएम २००४, एसएन २०१०, एसपी २०२०. नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं; पद्मिनीसारख्या गाड्यांचा अपवाद पुढे येईल.

डब्यावर 'एपीआय एसएन' नुसतं छापणं आणि एपीआयचं लायसन्स असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स असेल तर एपीआयचं गोल चिन्ह असतं आणि त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत ब्रँड सापडतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण फारसं कुणी करत नाही.

पायरी २: डेटा शीट

कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक ऑईलची 'प्रॉडक्ट डेटा शीट' असते. नाव, ग्रेड आणि दर्जा डब्यावरच्याशी जुळतोय ना ते पाहा. एकाच नावाने तीन वेगळी ऑईल विकणारे ब्रँड आहेत. शीट मिळत नसेल तर कस्टमर केअरला मेल करा. तरीही मिळाली नाही, तर मी ते ऑईल यादीतून सरळ काढून टाकतो. जो आकडे देत नाही त्याच्या चित्रांवर विश्वास का ठेवायचा?

सोबत 'सेफ्टी डेटा शीट'ही डाउनलोड करा. तिच्या तिसऱ्या भागात कधी कधी झिंकच्या संयुगाचं नाव आणि टक्केवारीचा पट्टा दिलेला असतो. पट्टा इतका रुंद असतो की हिशेबाला उपयोगी नाही, पण ते संयुग आहे एवढं कळतं.

पायरी ३: वहीत पाच आकडे

१०० अंश सेल्सिअसची व्हिस्कॉसिटी (जाडपणा), व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदललं तरी जाडपणा किती टिकतो तो आकडा), टीबीएन (आम्ल मारायची ताकद), सल्फेटेड अ‍ॅश, आणि दिला असेल तर एचटीएचएस. फ्लॅश पॉइंट, पोअर पॉइंट लिहिलेत तरी चालेल, पण कोकणात किंवा विदर्भात गाडी चालवणाऱ्याला पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ऑईल वाहत नाही ते तापमान) उणे २४ की उणे २७ याने काही फरक पडत नाही.

व्हिस्कॉसिटीवरून ऑईल ग्रेडच्या पट्ट्यात कुठे बसतं ते कळतं. '४०'चा पट्टा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक, '५०'चा १६.३ ते २१.९. '४०'चं एखादं ऑईल १२.८ वर असेल, तर थोडं झिजल्यावर ते '३०' होऊन बसणार. इथेच पॉलिमरचा प्रश्न येतो. साध्या मिनरल मोनोग्रेडचा (एकाच ग्रेडच्या, पॉलिमर नसलेल्या ऑईलचा) व्हिस्कॉसिटी इंडेक्स १००च्या आसपास असतो. मिनरल १५डब्ल्यू-४०चा १३०-१४० दिसला, तर वरची वाढ मुख्यतः पॉलिमरची. हे लांब रेणू बेअरिंगमध्ये आणि पंपात चिरडून तुटतात आणि ऑईल पातळ होत जातं. म्हणून मिनरलमध्ये फार उंच इंडेक्स पाहून मी खूश होत नाही. एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर जोरदार ताणाखाली टिकलेला जाडपणा, हा जास्त प्रामाणिक आकडा. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० दोघांनाही तो किमान ३.७ लागतो.

शीटवर 'टिपिकल' असा शब्द असतो. म्हणजे हे आकडे नेहमी येणारे आहेत, प्रत्येक डब्याची हमी नाही. टीबीएन ७.४ आणि ७.६ यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत बसू नका.

पायरी ४: राखेचा हिशेब

मला सगळ्यात आवडणारा भाग हा. सल्फेटेड अ‍ॅश म्हणजे ऑईल जाळून, सल्फ्युरिक आम्ल घालून पुन्हा भाजल्यावर उरणारी राख. बेस ऑईल जळून जातं, पॉलिमर जळतं, डिस्पर्संट जळतो. उरतात ते धातू. म्हणजे राख हा पॅकेजमधल्या धातूंचा ताळेबंद आहे, आणि तो उलटा वाचता येतो.

कॅल्शियमचं कॅल्शियम सल्फेट होतं, वजन सुमारे ३.४ पट. झिंकचं ऑक्साइड धरलं तर सव्वापट. मॅग्नेशियमचं जवळजवळ पाचपट.

समजा 'क' हे १५डब्ल्यू-४० ऑईल आहे: टीबीएन ७.५, अ‍ॅश ०.८ टक्के. झिंक ९०० पीपीएम, म्हणजे ०.०९ टक्के धरू (हा अंदाज कुठून आणायचा ते पुढच्या पायरीत). त्याची राख ०.११. उरली ०.६९, तिला ३.४ ने भागलं की कॅल्शियम ०.२ टक्के, म्हणजे २,००० पीपीएम.

आता 'ख': टीबीएन १०.५, अ‍ॅश १.३. झिंक १,३०० पीपीएम धरलं तर राख ०.१६. उरलेल्या १.१४ मधून कॅल्शियम निघतं ३,३०० ते ३,४०० पीपीएम.

इथे थांबायचं नाही. टीबीएन म्हणजे आम्ल मारायची शिल्लक ताकद. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १,००० पीपीएम कॅल्शियम जास्तीत जास्त २.८ टीबीएन देऊ शकतं. 'क'चं कॅल्शियम देतं फार तर ५.६. मग ७.५ मधले उरलेले १.९ कुठून आले? नायट्रोजनवाल्या, राख न ठेवणाऱ्या द्रव्यांकडून: डिस्पर्संट आणि अमाइन जातीचे ऑक्सिडेशनरोधक. 'ख'च्या कॅल्शियममधून येतात ९.४, आणि बिनराखेची बाजू उरते किमान १.१.

म्हणजे टीबीएनने 'ख' पुढे दिसतं, पण ती ताकद जवळपास सगळी चुनखडीची आहे. लांबचा प्रवास करणाऱ्या, गंधकवाल्या डिझेलवर वाढलेल्या जुन्या इंजिनाला ते उत्तम. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या पेट्रोल गाडीला गाळ ही मोठी डोकेदुखी, आणि तिथे 'क'कडे माझा कल जाईल. डिस्पर्संटचा पूर्ण अंदाज या हिशेबातून येत नाही हे कबूल, पण निव्वळ टीबीएनच्या शर्यतीपेक्षा हे बरं.

दोन सावधगिऱ्या. नव्या पॅकेजमध्ये कॅल्शियमचा काही भाग काढून मॅग्नेशियम घालतात, विशेषतः एपीआय एसपीमध्ये. कारण टर्बो लावलेल्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनात जास्त कॅल्शियममुळे कमी वेगावर इंधन अवेळी पेट घेतं आणि पिस्टन फुटू शकतो; एसपीत त्यासाठी वेगळी चाचणी आहे. शीटवर एसपी दिसलं की वरचा कॅल्शियमचा आकडा सैल धरा. दुसरं, टीबीएन मोजायच्या दोन पद्धती आहेत, अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या डी२८९६ आणि डी४७३९. दुसरी सौम्य अमाइन नीट मोजत नाही, म्हणून आकडा कमी येतो. दोन्ही शीटवर एकच पद्धत आहे ना, ते पाहूनच तुलना करा.

पायरी ५: झिंक किती, काकांचा प्रश्न

झेडडीडीपी १९४०च्या दशकापासून ऑईलमध्ये आहे. आधी ते ऑक्सिडेशन आणि बेअरिंगचा गंज रोखायला घातलं गेलं. झीज थांबवण्याचा गुण मागाहून लक्षात आला. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून तापले की ते विघटित होतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर बसतो. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा बनतो.

मग ते कमी का केलं? फॉस्फरसमुळे. इंजिनात थोडं ऑईल जळतंच, त्यातला फॉस्फरस धुराड्यातून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या उपकरणावर) बसतो आणि त्याला निकामी करत जातो. म्हणून एपीआय एसएलमध्ये फॉस्फरसला ०.१० टक्क्यांची कमाल मर्यादा होती, एसएमपासून ती ०.०८ झाली. खालची मर्यादा ०.०६.

काकांना कुणी न सांगितलेली गोष्ट अशी की वरची मर्यादा फक्त पातळ ग्रेडना आहे: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. पेट्रोलच्या या दर्जांत १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ला कमाल मर्यादाच नाही. झिंक बहुधा फॉस्फरसच्या १.१ पट असतं. म्हणजे पातळ ग्रेडमध्ये ते ८८० पीपीएमच्या आसपास अडतं, आणि जाड ग्रेडमध्ये ९०० ते १,३०० बहुतेक वेळा सापडतं. डिझेलच्या सीजे-४ आणि सीके-४ दर्जांत फॉस्फरस ०.१२ टक्क्यांपर्यंत चालतो. वरच्या हिशेबातला झिंकचा अंदाज मी इथूनच घेतला.

पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनात टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) कॅमवर सरळ घासत चालतात, मध्ये रोलर नाही. तिला जास्त झिंक हवंच. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिच्यात नाही. चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. म्हणून एसएन लिहिलेलं ५डब्ल्यू-३० 'नवं, भारी' म्हणून तिच्यात ओतण्यापेक्षा चांगल्या ब्रँडचं २०डब्ल्यू-५० किंवा सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० बरं. 'प्लस' काढून टाकला तरी कॅम रुसणार नाही.

जास्त म्हणजे अमर्याद नव्हे. फॉस्फरस फार वाढवला तर तो झीज थांबवायच्या ऐवजी लोखंडावरच रासायनिक हल्ला करतो. डिटर्जंटही त्याच लोखंडावर जागा पकडायला धडपडत असतो, म्हणून झिंक सारखं ठेवून कॅल्शियम दुप्पट केलेलं ऑईल झिजेच्या बाबतीत सरस ठरेलच असं नाही.

पायरी ६: आपल्या गाडीशी जुळवणं

कन्व्हर्टर असलेली साधी पेट्रोल गाडी, म्हणजे २००० नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्या: मॅन्युअलमधला ग्रेड, एसएल किंवा वरचा दर्जा, अ‍ॅश १ टक्क्याच्या आसपास. इथे झिंकच्या मागे लागण्यात अर्थ नाही. गाडी ऑईल पीत असेल तर उलट कमी फॉस्फरस बरा.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी जवळपास नसते, पण ज्वलन गरम असतं आणि ऑईलचं नायट्रेशन-ऑक्सिडेशन वाढतं. तिथे गट २ चं बेस ऑईल आणि बिनराखेची बाजू भक्कम असलेलं पॅकेज शोधा.

बीएस६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२०पासूनच्या गाड्या: हा लेख बंद करा आणि मॅन्युअल म्हणेल तेच ऑईल घाला. त्यांच्यातला पार्टिक्युलेट फिल्टर काजळी जाळू शकतो, राख जाळू शकत नाही. 'ख'सारखं १.३ टक्के राखेचं ऑईल तिथे घातलं की फिल्टर हळूहळू कायमचा भरत जातो. एसीईए या युरोपीय संस्थेच्या सी३ दर्जात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे ती यासाठीच.

आणि उरलेलं कारचं ऑईल मोटारसायकलमध्ये ओतू नका. इंधन वाचवणाऱ्या कार ऑईलमध्ये मॉलिब्डेनमसारखे घर्षण कमी करणारे घटक असतात आणि ऑईलमध्ये बुडालेला क्लच घसरायला लागतो. बाइकला जासो (जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच हवं.

वेगळ्या बाटलीतली जादू

ऑईल बदलताना काउंटरवरून हमखास एक छोटी बाटली पुढे सरकते: "हे टाका साहेब, इंजिन मक्खन होईल." माझ्याही गाडीत एका गॅरेजने न विचारता असली एक बाटली ओतली होती, बिलात ओळ दिसली तेव्हा कळलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकात अशा काही गाजलेल्या बाटल्यांच्या जाहिरातींवर कारवाई केली होती. झीज कमी होते या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. शिवाय पॅकेजमधले घटक एकमेकांना तोलून बसवलेले असतात. फोडणी बसलेल्या आमटीत वरून मूठभर मोहरी टाकण्यासारखा हा प्रकार. झिंकची बाटली तर नकोच. जास्त झिंकचं तयार ऑईल मिळत असताना कशाला?

पायरी ७: लॅबमध्ये तपासून घ्यायचं असेल तर

मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात ऑईल तपासणाऱ्या खासगी लॅब आहेत. 'आयसीपीने धातू, एएसटीएम डी५१८५' असं नेमकं मागा (आयसीपी ही धातू मोजायची पद्धत), सोबत टीबीएन आणि १०० अंशांची व्हिस्कॉसिटी. अंदाजाने काढलेलं झिंक-कॅल्शियम इथे पीपीएममध्ये छापून येतं. डिस्पर्संट मात्र या चाचणीत दिसत नाही, कारण त्यात धातू नाही.

वापरलेल्या ऑईलचा नमुना घ्यायचा तर गाडी १५-२० मिनिटं चालवून ऑईल गरम करा. ड्रेन प्लग काढल्यावर पहिली धार जाऊ द्या, तळाचा गाळ तिच्यात असतो. मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत १०० मिली घ्या. बाटलीवर तारीख, ऑईलचं नाव, ते किती किलोमीटर चाललं आणि मधे किती टॉप-अप केलं ते लिहा. टॉप-अपची नोंद नसेल तर आकडे फसवतात, कारण नवं ऑईल टीबीएन वर चढवून ठेवतं.

अहवालात लोखंड बघा, पण लॅबच्या यंत्राला साधारण पाच-आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत, त्यामुळे तुटलेल्या तुकड्यांची बातमी त्यातून येणार नाही. एकाच अहवालावरून ऑईलला बोल लावू नका. एकाच गाडीत, सारख्याच किलोमीटरवर, 'क' दोनदा आणि 'ख' दोनदा असं पाहिलं तर काही बोलता येईल.

आणि नव्या डब्यातलं १०० मिली ऑईल पहिल्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. फेस मारणाऱ्या द्रव्यातलं सिलिकॉन नव्या ऑईलमध्येच काही पीपीएम असतं, आणि मूळ आकडा ठाऊक नसला की तेच पुढे 'एअर फिल्टरमधून धूळ आली' म्हणून वाचलं जातं. सोडियम आणि बोरॉनचंही तसंच: काही पॅकेजमध्ये ते मुळातच असतात, आणि कूलंट गळून ऑईलमध्ये आलं तरीही तेच वाढतात. काकांच्या गॅरेजच्या फळीवर आता अशा दोन बाटल्या आहेत, झाकणावर मार्करने लिहिलेल्या. एकीवर त्यांनी 'झिंकवालं' असं लिहिलंय.